मशीनला समजावून सांगणारा विलास

विलास,

तू गेल्यावर भेटायला आलेल्या बऱ्याच जणांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. "तुम्ही दोघं त्या ऑफिसात नेमकं करत होता काय?" तुझ्या चुलतभावानं विचारलं, आपल्या ऑफिसखालच्या चष्म्याच्या दुकानवाल्यानं विचारलं, आपल्यासोबत कॉलेजात शिकलेल्यांनीही विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, हे तू जास्त चांगलं सांगितलं असतंस. एखादी गोष्ट दुसऱ्याला कळेल अशी सांगणं हेच तर तुझं काम होतं. फक्त समोरचा ऐकणारा माणूस नव्हता.

मी त्यांना साधारण सांगितलं ते असं. लोणार तालुक्यात, सुलतानपूर आणि बीबीच्या बाजूला भाजीपाला पिकवणाऱ्यांचा एक गट आहे. सगळ्यांचा माल सामायिक गाड्यांनी बाजारात जातो. कोणाची गाडी कधी, कुठे, हे सांभाळायला पूर्वी गटाचा एक माणूस दिवसभर फोनवर असायचा. त्याच्या मदतीला आम्ही एक एआय तयार केला. शेतातून फोनवर बोलून निरोप पाठवायचा. एआय तो ऐकतो, गाडी ठरवतो, रद्द करतो, भाव सांगतो. आता एआयला बोलता येतं, पण त्याला हात नसतात. हात आपण द्यायचे. गाडी रिकामी आहे का ते पाहायचा एक हात, ठरवायचा दुसरा, रद्द करायचा तिसरा. त्यांना आम्ही टूल म्हणतो. आणि प्रत्येक टूलसोबत चार ओळींचं वर्णन लिहावं लागतं, की हे काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही. टूलच्या आत काय आहे ते एआयला दिसत नाही. तो फक्त वर्णन वाचतो आणि ठरवतो.

"त्याले आतलं घर दिसत नाई," तू म्हणायचास. "आपून दारावर लावलेली पाटी दिसते. पाटी चुकली का पाहुना चुकला."

लोकांना हे ऐकून पटायचं. मग ते चहा पिऊन जायचे आणि मी पुन्हा तुझ्या खुर्चीसमोर बसायची.

मी पुण्याहून परत आले तेव्हा ऑफिसच्या त्या खोलीत एकच टेबल होतं. माझं लग्न मोडलं होतं, नोकरी सोडली होती, आणि बुलडाण्यात मला भेटणारा प्रत्येक माणूस आधी चेहरा पाडायचा आणि मग "काय झालं?" असं विचारायचा. तू विचारलं नाहीस. मी दारात उभी राहिले तेव्हा तू वायर ओढत टेबलाखाली वाकलेला होतास. तिथूनच म्हणालास, "आली का? लय बरं झालं. हे तुह्यं टेबल. मी खाली बसतो तवर." आणि खरंच नवीन टेबल येईपर्यंत तू सतरंजीवर बसून काम केलंस. मला त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते. मानले नाहीत. तुला ते आवडलंही नसतं, हे मी स्वतःला सांगत आले. पण आवडलं असतं. मला माहीत आहे.

सुलतानपूरच्या सुनंदाताईंचा तो प्रसंग आठवतो? एआय सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांनी निरोप पाठवला, "उद्याच्यासाठी गाडी पाहून ठेवा." एआयनं दोन टूलांची वर्णनं वाचली. एकात लिहिलं होतं, "गाडी पाहणे: दिलेल्या गावासाठी, दिलेल्या दिवशीची गाडीची माहिती देते." दुसऱ्यात होतं, "गाडी ठरवणे." त्यानं पहिलं वापरलं आणि ताईंना कळवलं, "उद्या सकाळी तुमच्या गावासाठी गाडी उपलब्ध आहे." ताई निर्धास्त झाल्या. सकाळी बायका लावून त्यांनी मेथी आणि सांबार उपटून घेतला. कोथिंबिरीला मी आता पुन्हा सांबार म्हणायला लागले आहे, हे तुझंच करणं. जुड्या बांधून त्या फाट्यावर आणून ठेवल्या. गाडी आलीच नाही. ती कोणी ठरवलीच नव्हती.

ताईंचा फोन आला तेव्हा ऊन चढलं होतं. आपण तुझ्या गाडीवर मेहकरमार्गे सुलतानपूरला पोचलो, तोवर जुड्यांनी माना टाकल्या होत्या. ताई ओल्या पोत्याखाली जुड्या झाकत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी पाहून ठेवा म्हणलं होतं ना बापा? तुमचं ते यंत्र गाडी हाये म्हणलं. मंग गाडी कुठं हाये?"

परत येताना मी एआयला नावं ठेवत होते. एवढं मोठं तयार केलेलं, आणि साधी गोष्ट कळत नाही. तू रस्त्याच्या कडेला गाडी थांबवलीस.

"त्याले काऊन शिव्या देतं बे?" मुलीला कोणी बे म्हणत नाही, पण तू कॉलेजपासून मला म्हणायचास. "आपून लिहिलं 'माहिती देते'. त्यानं माहिती देल्ली. तुले नुसतं तेवढं वाचायले देलं असतं तं तू काय केलं असतं?"

"मी विचारलं असतं."

"विचार असं कुठं लिहिलं होतं?"

ते खरं होतं. पण तुझं पुढचं म्हणणं मला मान्य नव्हतं. तू म्हणालास की आपल्याकडे पाहून ठेव म्हणजे लावून ठेव, संपला विषय, ही ओळ वर्णनात टाकून द्यायची. मी म्हटलं, "अच्छा? म्हणजे पोरासाठी पोरगी पाहून ठेव म्हटलं, की लग्न लागलं?"

तू इतका हसलास की शेजारून जाणारा ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. जुड्या वाळल्या होत्या, ताईंचा दिवस वाया गेला होता, आणि आपण रस्त्यात उभं राहून हसत होतो. मला नंतर फार अपराधी वाटलं. तुलाही वाटलं असावं, कारण पुढच्या खेपेला ताईंची गाडी सुटेपर्यंत तू स्वतः फाट्यावर जाऊन उभा राहिलास.

मग आपण सगळी वर्णनं पुन्हा लिहायला घेतली. पहिल्याच टूलला तू नवं वर्णन दिलंस: "गाडी रिकामी आहे का, एवढंच हे टूल सांगतं. यानं गाडी ठरत नाही. माणूस 'पाहून ठेवा' म्हणाला तर गाडी ठरवायची आहे का, ते आधी विचारा. ठरली नसेल तर ठरली नाही असं स्पष्ट सांगा." शेवटचं वाक्य मला जास्तीचं वाटलं होतं. आज वाटतं, चारही वाक्यांत तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

तुझी एक पद्धत होती. टूलचं नाव झाकून तू मला वर्णन वाचून दाखवायचास आणि विचारायचास, "सांग, हे काय करते?" मी अडखळले की तू लगेच खोडायचास. "तुले नाई समजलं, अन् तू तं ते बनवलं. मंग त्याले काय समजन?" मला राग यायचा. मला नेटकं, थोडक्यात लिहायला आवडायचं. तू वर्णनात गावाकडची वाक्यं जशीच्या तशी घालायचास: गाडी लावून द्या, गाडी धाडा, आज माल निंगत नाई. पुण्याच्या सवयीनं मी ती शुद्ध करायला जायची. तू म्हणायचास, "लोक जसं बोलतात तसंच लिहू दे. ते तुह्या पुण्यातून फोन करून नाई राह्यले."

आणि मग तुझाही अतिरेक झाला. तू इतक्या सूचना, इतके इशारे लिहिलेस की एआय घाबरल्यासारखा वागायला लागला. कोणी म्हणालं, उद्या गाडी पाहिजे, तर तो विचारायचा कोणतं गाव, किती माल, सकाळी की दुपारी, खात्री आहे का. सुनंदाताईंनीच फोन केला. "विलासभाऊ, तुमचं यंत्र लय भोचक झालं बाप्पा! माह्या घरात काय शिजलं तेवढंच विचाराचं राह्यलं त्याचं."

तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवशी मी खुर्ची तुझ्या बाजूला ओढली आणि आपण एकेक ओळ काढत गेलो. ही का ठेवायची? हिच्यामुळे कोणाचा माल वाचतो? ज्या ओळीला उत्तर नव्हतं ती गेली. माझा हट्ट होता की जिथे चार इशारे द्यावे लागतात तिथे टूलच चुकीचं बनलं आहे, ते मोडून नीट बनवावं. तुझा हट्ट होता की टूल कितीही नीट बनवा, शेवटी शब्दच वाचले जातात. दोघांचंही थोडंथोडं खरं होतं. संध्याकाळपर्यंत जे उरलं, ते आजही तसंच चालू आहे. सुनंदाताईंची तक्रार पुन्हा आली नाही.

आता त्या शेवटच्या शुक्रवारचं.

एकच टूल राहिलं होतं. एआयला जमणार नाही असं काही आलं, तर निरोप माणसाकडे, म्हणजे आपल्याकडे, सोपवायचा. तू वर्णन लिहिलंस: "शंका आली तर माणसाकडे द्या."

मी म्हटलं, "हे काही वर्णन नाही. मशीनला शंका कशी येणार? अटी लिहायला पाहिजेत. गाव सापडलं नाही, तारीख कळली नाही, दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, अशा."

"अटी लिही ना. मी कुठं नाई म्हणतो? पण शंका अटींच्या बाहेरूनच येते. आत असती तं शंका कायले म्हणलं असतं?"

"मग त्याला ती कळणार कशी?"

"तुले येते ना शंका? मंग तुले कशी येते ते लिही. तेच त्याले सांगाचं."

"ही टाळाटाळ आहे, विलास."

"टाळाटाळ नाई. मले लिहिता नाई येऊन राह्यलं, म्हून तुले सांगून राह्यलो." तू बॅग उचललीस. गावी जायला जळगाव जामोदची गाडी गाठायची होती. दारातून म्हणालास, "सोमवारी भांडू."

रविवारी सकाळी तुझ्या चुलतभावाचा फोन आला. अंगणात दात घासता घासता तू खाली बसलास, छातीत दुखतं म्हणालास, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. मी राजूर घाट उतरून तुझ्या गावाकडे निघाले, तेव्हा वाटेत एकच विचार मनात होता, की मी तुझ्या म्हणण्याला टाळाटाळ म्हणाले. मी तुला म्हटलेला शेवटचा शब्द टाळाटाळ होता. त्या वेळी ते फार मोठं वाटलं. आता तेवढं वाटत नाही. आपण एकमेकांना रोज याहून वाईट बोलत होतो आणि रोज एकाच डब्यातून जेवत होतो.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा तुझ्या आईला भेटायला गेले. दुपारची वेळ होती. काकू मागच्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या, समोर सातपुडा उन्हात फिकट दिसत होता. त्यांनी मला जवळ बसवलं आणि इतर सगळ्यांनी विचारलं तेच विचारलं.

"माहा विलास काय करे वं तिकडं? मले कई समजलंच नाई."

मी आधी नेहमीचं सांगायला लागले. एआय, टूल, वर्णन. त्या मान हलवत होत्या, पण त्यांना काही कळत नव्हतं. मग मी सुनंदाताईंची गोष्ट सांगितली, वाळलेल्या जुड्यांसकट. आणि म्हटलं, "माणसं काय बोलतात आणि त्यांच्या मनात काय असतं, ते विलास मशीनला समजावून सांगायचा."

काकूंनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "घरी तं धड बोलत नसे. जेवला का, तं हूं. कई येशीन, तं पाहू. दर वेळी पाहू. मी मनात म्हणो, यानं पाहू म्हणलं म्हंजे हा येनारच. मंग भाकरीचं पीठ काढून ठेवो. अन् येच तो. एकदा चुकला नाई."

विलास, मला तिथे रडू आवरलं नाही. पाहून ठेव म्हणजे लावून ठेव, यावर तू एवढा का अडून बसला होतास, ते मला त्या खाटेवर बसून कळलं. तुझ्या घरात पाहू म्हणजे येतोच असं होतं. तुझ्या पाहूवर कोणी तरी पीठ काढून ठेवत होतं. तुला ते माहीत होतं आणि तू दर वेळी गेलास. मी तुला लग्नाचा दाखला देऊन गप्प केलं. दाखला बरोबरच होता. बाकीच्या घरांमध्ये पाहू म्हणजे पाहूच असतं. तरीही.

मी काकूंना म्हटलं, "तुमचं ऐकून कळलं, तो माझ्याशी या एका शब्दावरून एवढा का भांडला." त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "भांडाचा ना? बरं हाये. म्हंजे तुह्यासंग बोले तरी."

परत आल्यावर मी राहिलेलं टूल माझ्या पद्धतीनं पूर्ण केलं. अटी लिहिल्या, नेमक्या आणि थोड्या. तुझं वाक्य काढून टाकलं. जुने निरोप देऊन तपासलं, सगळं ठीक चाललं. मी ते सुरू केलं. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

मग एका सकाळी बीबीच्या नामदेवकाकांचा निरोप आला. रोज लांबलचक बोलणारा माणूस. गाडीबरोबर पाऊसपाणी, वानरांचा त्रास, ड्रायव्हरची चौकशी, सगळं एका दमात सांगणारा. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "आता गाडी नका पाठवू. उद्या नाई, परवा बी नाई. राहू द्या सारं." गाव कळलं होतं, दिवस कळले होते, मागणी स्पष्ट होती. माझ्या एकाही अटीत ते अडकलं नाही. एआयनं त्यांच्या पुढच्या सगळ्या गाड्या रद्द केल्या आणि नम्रपणे तसं कळवलं.

थोड्या वेळानं चहा घेताना मी रद्द झालेल्या गाड्या सहज बघत होते. त्यांचं नाव दिसलं आणि हात थांबला. निरोप पुन्हा ऐकला. आवाज खाली गेलेला होता. राहू द्या सारं, असं ते कधी बोलत नाहीत. मी फोन लावला.

"काय झालं काका?"

"काई नाई पोरी. हिचा पाय घसरला विहिरीवर. मांडीचं हाड मोडलं. जालन्याले दवाखान्यात हावो. कालपासून इथंच बसलो हावो. वावरात वांगे तसेच हायेत, जाऊ द्या आता."

"कोणाला सांगितलं?"

"कोनाले सांगू? ज्याचं त्याले काम हाये. तुह्या यंत्राले सांगितलं, ते म्हणे रद्द केलं. म्हणलं बरं, एक काम मिटलं."

एक काम मिटलं. मी फोन ठेवून गटातल्या त्यांच्या शेजाऱ्यांना कळवलं. त्यांना पत्ताच नव्हता. नामदेवकाका कोणाला न सांगता बायकोला घेऊन निघाले होते. दुपारपर्यंत शेजारच्या दोन घरची माणसं त्यांच्या वावरात वांगी तोडत होती. रद्द झालेली गाडी मी स्वतः परत ठरवली. एक जण डबा घेऊन जालन्याला गेला आणि रात्रीपुरता काकांच्या जागी थांबला. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन नीट झालं. त्या आता काठी घेऊन घरात चालतात आणि काका पुन्हा लांबलचक बोलायला लागले आहेत. परवा वानरांची तक्रार होती.

त्या दिवशी मी त्या टूलचं वर्णन उघडलं आणि तू सांगितलं होतंस ते करायला बसले. मला शंका कशी येते? वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. तू समोर असतास तर सोमवारीच झालं असतं. मी लिहिलं: "निरोप गाडीबद्दल असला तरी बोलणं माणसाबद्दल असू शकतं. नेहमी खूप बोलणारा माणूस अचानक थोडं बोलला, कारण न देता सगळंच थांबवायला लागला, किंवा 'राहू द्या' असं काही म्हणाला, तर काम लगेच पूर्ण करू नका. सगळं ठीक आहे ना, एवढं एकदा विचारा आणि निरोप माणसाकडे द्या. विनाकारण दिला गेला तरी चालेल. माणूस फोन करून बघेल." माझ्या अटी त्याखाली ठेवल्या, त्याही लागतात. आणि सगळ्यांत वर तुझं वाक्य परत आणलं. अजूनही मला ते वर्णन म्हणून कच्चंच वाटतं. पण त्याच्याशिवाय खालचं सगळं कशासाठी आहे ते कळत नाही.

आता विनाकारण आलेले निरोपही माझ्याकडे येतात. कोणाचा फक्त घसा बसलेला असतो, म्हणून तो कमी बोललेला असतो. मी फोन करते. लोक म्हणतात, काही नाही ताई, सर्दी झाली. मग दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं होतं. कोणीतरी तुझी आठवण काढतं.

पूर्ण झालेलं वर्णन मी एकदा मोठ्यानं वाचलं. आपल्या सगळ्या टूलांमध्ये ते सर्वांत लांब आहे. तू असतास तर खुर्चीत मागे रेलून म्हणाला असतास, "अन् मले म्हणे थोडक्यात लिही! आता लांबण कोन लावून राह्यलं?"

मी लावून राह्यली, विलास. आणि यातला एकही शब्द मी काढणार नाही.